माहेर आणि सात-बारा

मराठीत स्त्रीला दोन घरे असतात आणि दोन्हींना नावे असतात: माहेर आणि सासर. पुरुष जिथे जन्मला तिथेच राहणार, हे भाषेने गृहीत धरल्यामुळे त्याच्या घराला ‘घर’ यापलीकडे नाव मिळालेले नाही. बायकोच्या माहेराला तो सासुरवाडी म्हणतो. ते घर सदाशिव पेठेत असले तरी भाषेच्या लेखी ती वाडीच! ‘माहेर’ हा शब्द ‘मातृगृह’ या संस्कृत शब्दापासून आला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. म्हणजे शब्दात आई आहे आणि घर आहे. बाप नाही, भाऊ नाही, शेत तर नाहीच. या न दिसणाऱ्या शेताविषयी थोडे लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

माझी सासुरवाडी इंदापूर तालुक्यातली, नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाकडची. पत्नीच्या आत्याचे घर बारामतीच्या बागायती पट्ट्यात. दिवाळीचे चार-पाच दिवस या दोन तालुक्यांमधल्या रस्त्यांवर जातात. अशा मुक्कामात जावयाला करण्यासारखे काही नसते. ‘जामाता दशमो ग्रहः’ असे म्हणणाऱ्याने त्याच्या उपद्रवाचाच विचार केला असावा. प्रत्यक्षात खेड्यातल्या घरात जावई हा ओसरीवर बसवून ठेवलेला अगदी निरुपद्रवी ग्रह असतो. ‘दाजी, तुम्ही बसा’ हे वाक्य दिवसातून वीस वेळा कानी पडते. मान सगळा मिळतो; घरातल्या व्यवहाराविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार तेवढा नसतो. मग तो ऐकत बसतो. ऐकता ऐकता लक्षात येते की सणाच्या गप्पासुद्धा इथे पाण्याच्याच असतात. कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, ते टेलपर्यंत पोचणार का, कारखाना पहिली उचल किती देणार, रात्रपाळीत दारे धरायला कोण जाणार. नातेवाइकांची ओळखही पाण्यावरूनच करून दिली जाते. ‘ते वरच्या अंगाचे, त्यांचं सगळं बागाईत’, किंवा ‘ते आपले जिराइताचे’. नाते नंतर येते, आधी जमिनीची जात येते.

या बोलण्याला भूगोलाचा आधार आहे. बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे तालुके. दक्षिणेला नीरा, उत्तरेला आणि पूर्वेला भीमा. दोघींचा संगम इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, नीरा-नरसिंहपूरला. बारामती गावाशेजारून वाहणारी कऱ्हा पुढे सोनगावजवळ नीरेला मिळते. नद्यांची अशी रेलचेल असूनही हा प्रदेश अवर्षणाचा. सह्याद्रीवर पडणारा पाऊस इथे पोचेपर्यंत संपलेला असतो. इथले पाणी आकाशातून कमी आणि दुसरीकडून अधिक येते. ते कुठून येते आणि कुणाच्या शेतात जाते, यावर घरे उभी राहतात, आणि घरे उभी राहिली की सोयरिकी होतात.

सोयरीक आणि संपत्ती यांची गाठ अर्थातच कालव्याहून जुनी आहे. बारामतीचे बाबूजी नाईक जोशी हे अठराव्या शतकातले बडे सावकार. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या भिऊबाई बाबूजींचे बंधू आबाजी यांना दिलेली होती. पेशव्यांना मोहिमांसाठी कर्ज लागे आणि सावकार घरचाच होता. पुढे १७४० मध्ये बाजीराव वारले, तेव्हा नानासाहेबांना पेशवाई मिळू नये म्हणून नागपूरकर रघूजी भोसल्यांनी ज्याचे नाव पुढे केले, ते हेच बाबूजी नाईक. भिऊबाईच्या नात्याने पाहिले तर एका बाजूला भाचा होता, दुसऱ्या बाजूला दीर. राजकारणाच्या इतिहासात हा प्रसंग दोन पुरुषांमधली स्पर्धा म्हणून येतो. ज्या स्त्रीमुळे ते दोघे एकमेकांचे सोयरे झाले, ती वंशावळीच्या एका ओळीत उरते.

याच नाईकांच्या आश्रयाला कवी मोरोपंत (१७२९–१७९४) राहिले. जन्म पन्हाळ्याचा, पण ओळख बारामतीची. वर्गात आपण मोरोपंत शिकवतो ते आर्यांचे, यमकांचे, ‘केकावली’चे. परंतु या पंडितकवीने सीतागीत, सावित्रीगीत अशी बायकांना म्हणता येतील अशी गीतेही रचली आहेत. सावित्रीच्या कथेतला एक तपशील आपण सहसा नजरेआड करतो. महाभारतातली सावित्री ही अश्वपती राजाची एकुलती एक लेक. यमाकडून ती वर मागते, त्यात पतीच्या प्राणांच्या आधी पित्यासाठी शंभर पुत्र मागते. म्हणजे जिच्या पाठी भाऊ नाही, जी एकटीच वारस ठरू शकली असती, ती लेक स्वतःच्या तोंडाने बापाला वारस मागून घेते. पातिव्रत्याची कथा म्हणून आपण ती वाचतो. जमिनीची कथा म्हणून एकदा वाचून पाहावी.

आता कालव्याकडे येऊ. १८७६ ते १८७८ या दुष्काळाने दख्खन होरपळला. दुष्काळी कामे म्हणून जे मोठे बांधकाम हाती घेण्यात आले, त्यात नीरा डावा कालवा होता. भोर संस्थानातल्या भाटघर येथे येळवंडी नदीवर धरण, खाली वीर येथे नीरेवर बंधारा, आणि तिथून पूर्वेला बारामती-इंदापूरकडे जाणारा, लांबीला शंभर मैलांच्या आसपासचा कालवा. १८८० च्या दशकात पाणी वाहू लागले. इंग्रज सरकारची कल्पना अशी, की अवर्षणाच्या वर्षी पिके वाचावीत. शेतकऱ्यांनी मात्र प्रारंभी या पाण्याला फारसा हात लावला नाही. बऱ्या पावसाच्या वर्षी पट्टी भरून पाणी घेऊन ज्वारीला द्यायचे कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. कालवा फायद्यात यायला ऊस यावा लागला. सासवडकडचे माळी बागाईतदार कालव्याच्या काठाने खाली सरकले, खंडाने जमिनी घेऊन त्यांनी ऊस केला, गुऱ्हाळे चालवली. त्यांच्यातल्याच मंडळींनी पुढे १९३० च्या दशकात अकलूजजवळ माळीनगरला साखर कारखाना उभारला. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली: पाणी ठरावीक तुकड्यांना आणि पिकांच्या ठरावीक फेरपालटीने. १९२८ मध्ये भाटघरला जुन्या धरणाच्या जागी मोठे लॉइड धरण झाले.

पाण्याबरोबर दुखणीही आली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातले हॅरॉल्ड मान यांनी नीरा खोऱ्यातल्या खारपड जमिनींचा अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. वरच्या अंगाला पाणी अति, म्हणून जमीन चोपण. खालच्या अंगाला पाणी अपुरे, म्हणून जमीन कोरडी. एकाच कालव्याची ही दोन टोके. तरीही एकंदरीत जमिनीचा भाव चढत गेला. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ कारखाना आणि वसाहत उभारली, तिचे वालचंदनगर झाले. १९५० च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने निघाले. सहकारी कारखान्याचा सभासद म्हणजे ऊस लावणारा खातेदार. ज्याचे नाव सात-बारावर, त्याचा भाग, त्याच्या उसाची नोंद, त्याचे मत. अशा रीतीने एका उताऱ्यावरचे नाव हळूहळू पतपेढीत, सोसायटीत, कारखान्याच्या सभेत आणि मतपेटीपर्यंत जाऊन पोचले. ज्या लेकीचे नाव त्या उताऱ्यावर लागले नाही, ती या साऱ्यातूनच वगळली गेली. जिराईत जमिनीत वाटा न मिळणे आणि बागाईत जमिनीत वाटा न मिळणे, यांत फार अंतर आहे. कालव्याने ते वाढवले.

मग लेकीला मिळाले काय? तिला माहेर मिळाले. पंचमीला, दिवाळीला मुराळी येणार, बरोबर नेणार, साडीचोळी करणार, शिदोरी बांधून पाठवणी करणार. अधिक महिन्यात जावयाला अनारशांचे वाण. भाऊबीजेला ओवाळणी. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातल्या मामाच्या मुलीशी होणाऱ्या लग्नाची चर्चा केली आहे. त्या चालीकडे या बाजूने पाहिले तर तिचाही वेगळा अर्थ लागतो. भावाच्या शेतात बहिणीचा वाटा नाही, पण भावाच्या मुलीवर, सून म्हणून, तिचा पहिला शब्द आहे. जमीन भावाकडे राहते, नाते मात्र पिढीपिढीला नवे होते. मी ओसरीवर बसून जो पाहुणचार घेतो, तो या जुन्या हिशेबातला एक हप्ता आहे. हे एकदा लक्षात आले की गुळवणी-पोळीचा घास जरा सावकाश गिळला जातो.

आपल्या वाङ्मयात या हिशेबाचे प्रतिबिंब कसे पडले? जात्यावरच्या ओव्यांचा सर्वांत मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून केला. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. या ओव्यांमध्ये माहेरची वाट आहे, मुराळी भाऊ आहे, त्याची बैलजोडी आहे, भावजयीचा रुसवाफुगवा आहे. भावाच्या शेताचे कौतुकही आहे. शेत तिथे कौतुकाचा विषय म्हणून येते. बहीण ते बांधावरून पाहते. भावजयीशी होणारी कुरबुर आपण ‘कौटुंबिक भावविश्व’ या सदरात टाकतो. पण भावजय म्हणजे त्याच शेताच्या अन्नावर आलेली दुसऱ्या घरची लेक. दोघींपैकी एकीचेही नाव उताऱ्यावर नाही, आणि भांडण मात्र त्या दोघींचे!

दुसरे माहेर संतांचे. जगद्गुरू तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतून जाते. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात, बेलवाडीला गोल रिंगण होते, पुढे निमगाव केतकी आणि इंदापूर. या वाटेवरचा वारकरी पंढरपूरला माहेर म्हणतो. पुरुषाला मराठीत माहेर मिळते ते एवढ्या एकाच गावी. हे रूपक थोर आहे, यात शंका नाही. लेक जशी काही न मागता, नुसत्या भेटीसाठी आसावते, तसा भक्त. पण रूपकाचे बळ कशावर उभे आहे पाहा. माहेर म्हणजे जिथे आपला कागदोपत्री हक्क काहीच नाही आणि तरीही जिथे आपल्याला कोणी नाही म्हणत नाही, अशी जागा. समाजाने लेकीला जे नाकारले, त्याचेच भक्तीने निष्काम प्रेम केले. या रूपकाचा मोठेपणा मला मान्य आहे. त्याखालची जमीन कुणाच्या नावावर आहे हे विसरू नये, एवढेच म्हणणे.

कायद्याने ही जमीन हलवायचा प्रयत्न केला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने लेकीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने मिळणारा हक्क मुलांचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, मुख्यमंत्रिपदी बारामतीचेच शरद पवार असताना, कायद्यात दुरुस्ती करून मुलींनाही तो जन्मसिद्ध हक्क दिला. मात्र २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. म्हणजे एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या बहिणीमध्ये कायद्याने लग्नाच्या तारखेची भिंत उभी केली. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ती पाडली, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असणे आवश्यक नाही. दरम्यान शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’चे आंदोलन चालवले आणि अनेक गावांत नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. ती गोष्ट सासरच्या जमिनीची. माहेरच्या जमिनीसाठी तसे आंदोलन उभे राहिले नाही.

कायदा आला तसा त्याचा उताराही आला. त्याचे नाव हक्कसोडपत्र. वडील वारले की वारसनोंद होते, लेकींची नावे लागतात, आणि मग एखाद्या दिवाळीत, फराळाच्या ताटांच्या पलीकडे, सह्यांचा विषय हळूच निघतो. तो कधीच दरडावून निघत नाही. ‘तेवढं तालुक्याला जाऊन येऊ’, इतके मऊ त्याचे शब्द असतात. आमच्या घरातही तो निघाला आणि माझ्यासमोर निघाला. जावयाने अशा वेळी तोंड उघडले तर तो लोभी, आणि गप्प राहिला तर सज्जन. मी सज्जन ठरलो. बारामतीच्या आत्याबाईंनी स्वतः पूर्वी सही दिलेली आहे. त्यांना विचारले तर म्हणाल्या, ‘वाटा घेतला असता तर दिवाळीला यायचं कुणाकडं?’ एवढ्या एका वाक्यात या संस्थेची सगळी किंमत सांगितली गेली आहे. माहेर फुकट मिळत नाही. शेत देऊन ते विकत घ्यावे लागते, आणि दरवर्षी जाऊन ते अजून आपलेच आहे ना, याची खात्री करून घ्यावी लागते. आत्याबाईंना फसवले गेले, असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. त्यांनी समजून-उमजून सौदा केला. ज्या मुलीला सासरी काही बरेवाईट झाले तर परतायला एकच दार आहे, ती ते दार एकरांच्या हिशेबात मोजत नाही. प्रश्न एवढाच की असा सौदा भावाला कधी करावा लागत नाही.

आणि काही माहेरे तर सौद्यालाही उरली नाहीत. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. एकूण साठा ११७ टीएमसी. इंदापूर, दौंड, करमाळा या तालुक्यांतली नदीकाठची गावे पाण्याखाली गेली, मुंबई-सोलापूर लोहमार्गसुद्धा हलवावा लागला. भिगवणच्या फुगवट्यावर आता हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला शहरातली माणसे येतात. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर एरवी पाण्यात असते आणि धरण खाली गेले की वर येते. मग त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. बुडालेल्या गावचा खातेदार सरकारदरबारी प्रकल्पग्रस्त ठरला. त्याच गावची लेक, जी आधीच लग्न होऊन दुसरीकडे गेली होती, तिचेही गाव बुडाले. पण तिला कोणत्या यादीत घालायचे? तिच्या नावावर काही नव्हते, म्हणून तिचे काही गेले नाही, असा त्या कागदांचा अर्थ. ज्या उन्हाळ्यात मंदिर उघडे पडते, त्या उन्हाळ्यात पाहायला येणाऱ्यांमध्ये म्हाताऱ्या बायका असतील, तर त्या बहुधा आपले माहेर पाहायला आलेल्या असतात.

दिवाळीच्या दिवसांत या रस्त्यांवर आणखी एक दृश्य असते. दसरा उलटला की बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली ही माणसे कारखान्याच्या गाळप हंगामभर उसाच्या फडाशेजारी खोपटांत राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचलीचा हिशेब कोयत्याच्या नावाने होतो, म्हणजे व्यवहारात नवऱ्याच्या. ज्या उसामुळे आमच्या घरची भाऊबीज साजरी होते, तो तोडणारी बाई भाऊबीजेला माहेरी नसते. तिचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू झालेला असतो. माहेर ही सार्वत्रिक भावना आहे, असे लिहिण्यापूर्वी मराठीच्या प्राध्यापकांनी नोव्हेंबरात या फडांवरून एक चक्कर मारावी.

हे सारे लिहिण्याचा हेतू माहेराची कविता खोटी ठरवण्याचा नाही. ती खरी आहे म्हणूनच तिच्याखालची जमीन तपासायची. अभ्यासक्रमात जात्यावरची ओवी असते, संतांचे माहेर असते. त्यांच्याशेजारी एखादा जुना सात-बारा आणि एखादे हक्कसोडपत्र, नावे झाकून, विद्यार्थ्यांपुढे ठेवून पाहावे. दोन्ही मराठी गद्याचेच नमुने आहेत. ‘कोणत्याही दबावाविना, राजीखुशीने’ या धर्तीच्या शब्दांवर वर्गात एक तास सहज निघेल. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदपत्रांवर, आईचे नाव वडिलांच्या आधी लागते. मातृगृहातली आई निदान नावात आली आहे. उताऱ्यावर तिचे नाव आजही लागते ते मुख्यतः बाप वारल्यावर, आणि किती दिवस टिकते ते पुढच्या दिवाळीवर अवलंबून असते.